४के घेण्याआधी टेप काढा: सांगलीत नवा टीव्ही किंवा मॉनिटर घेणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही विश्रामबागेतल्या घरात ५५ इंची ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, टीव्ही आणला. दुकानात चित्र इतकं लख्ख होतं की आई म्हणाली, मोराचं पीस हातात घ्यावंसं वाटतंय. घरी आणून केबलच्या जुन्या डब्याला जोडला, संध्याकाळची मालिका लागली, आणि सगळ्यांचे चेहरे पडले. माणसांचे गाल मेणाचे, खालची पट्टी धुरकट. जुन्या ३२ इंचीवर यापेक्षा बरं दिसायचं. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढचे आठ दिवस टीव्ही कमीच लागला.

टीव्हीत काही खोट नव्हती. आम्ही खोली मोजली नव्हती आणि घरात येणारं चित्र कुठल्या दर्जाचं आहे तेही पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी मी माझ्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं संगणकावर जुळवण्याच्या, कामासाठी ४के मॉनिटर घेतला, तेव्हा या दोन्ही गोष्टी आधी केल्या. तो खर्च मात्र पहिल्या दिवसापासून वसूल झाला. या दोन खरेद्यांमधून जे समजलं ते क्रमाने लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो: आपल्याकडच्या बहुतेक घरांत ४केचा खरा उपयोग भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा टेबलावरच्या मॉनिटरला जास्त होतो, आणि मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला तर सगळ्यांत जास्त.

१. सुताराचा टेप घ्या आणि अंतर मोजा

चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. आपल्याकडे अजूनही खपणाऱ्या ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीत साधारण १३६६ आडवे आणि ७६८ उभे ठिपके असतात. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. ४केत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. ८केत सव्वातीन कोटींच्या वर.

पण डोळ्याला मर्यादा आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो, त्याहून बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. त्यावरून गणित मांडलं की एक सोपा हिशोब हाताशी येतो. टीव्हीच्या इंचांना ८ ने भागा. जेवढे फूट येतील त्याच्या आत बसत असाल, तरच फुल एचडी आणि ४के यांतला फरक दिसेल.

४३ इंचाला साडेपाच फूट. ५५ इंचाला सात फूट. ६५ इंचाला आठ-साडेआठ फूट.

आमच्या हॉलमध्ये सोफ्यापासून भिंत ११ फूट निघाली. तिथून ४केचा बारकावा दिसायला ८८ इंची टीव्ही लागला असता. आमचा ५५ इंची त्या अंतरावरून फुल एचडीसारखाच दिसतो आणि दिसत राहणार. आईबाबांची साठीनंतरची नजर धरली तर हिशोब आणखी कडक होतो.

मोजताना एक चूक सगळे करतात: भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतात. सोफ्यावर टेकून बसल्यावर डोळा जिथे येतो तिथपासून टीव्हीच्या काचेपर्यंत मोजा. गावभागातल्या जुन्या वाड्यांत माजघर आठ फुटांचं असतं, तिथे ५५ इंची ४के छान लागू पडतो. नव्या अपार्टमेंटच्या लांब हॉलमध्ये तोच टीव्ही ‘छोटा’ वाटतो. मोठ्या घराला मोठा टीव्ही हे खरं, पण त्याचं कारण ऐट नाही, अंतर आहे.

आणि अंतर जास्त निघालं तर? मग ठिपक्यांचा नाद सोडा आणि तेच पैसे चित्राच्या उजेडावर आणि काळ्या रंगाच्या गडदपणावर घाला. लांबून ठिपके दिसत नाहीत, पण फिकट काळा रंग लांबूनही दिसतो.

२. घरात चित्र कुठून येतं, याची यादी करा

कागद घ्या आणि घरातले लोक प्रत्यक्ष काय बघतात ते लिहा. पुढे कधीतरी बघू असं नको, गेल्या आठवड्यात काय बघितलं ते लिहा. आमची यादी अशी निघाली: संध्याकाळच्या मराठी मालिका केबलवर, बातम्या केबलवर, बाबांची जुनी नाट्यगीतं यूट्यूबवर, माझ्या भाचीची कार्टून यूट्यूबवर, आणि महिन्यातून एखादा सिनेमा ओटीटीवर.

आता यातलं ४के किती? केबल किंवा डिशचा साधा डबा जे चित्र देतो त्यात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात. ४केच्या पडद्यावर त्यातल्या एकेका ठिपक्याचे वीस ठिपके करून पसरावे लागतात. टीव्हीतली चिप अंदाजाने मधली जागा भरते, तिथून ते मेणाचे गाल येतात. पडदा जितका मोठा, तितका हा अंदाज उघडा पडतो.

म्हणून पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपाय: केबलवाल्याला फोन करून एचडी डबा घ्या आणि मराठी वाहिन्यांचे एचडी क्रमांक पॅकमध्ये टाकून घ्या. आमच्याकडे टीव्ही तोच राहिला, फक्त डबा बदलला, आणि आईची तक्रार त्याच संध्याकाळी संपली. डबा एचडी असूनही लाल-पांढरी-पिवळी जुनी वायर लावून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. त्या वायरीतून एचडी येतच नाही. एचडीएमआय वायरच हवी.

खरं ४के येतं ते इंटरनेटवरून. तिथेही तीन दारं आहेत. एक, तुमची योजना. नेटफ्लिक्सवर ४के फक्त महिन्याला ६४९ रुपयांच्या प्रीमियम योजनेत मिळतं, ४९९च्या योजनेत फुल एचडीपर्यंतच. दोन, इंटरनेटचा वेग. नेटफ्लिक्स ४केसाठी सेकंदाला १५ मेगाबिट सांगतं, आणि एका तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे चालवायचा विचार करू नका. फायबर घेतलं असेल तर वेग पुरतो, पण राउटर एका खोलीत आणि टीव्ही दोन भिंती पलीकडे असेल तर वाटेत वेग गळतो. शक्य असेल तर टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढा. तीन, ती कलाकृती मुळात ४केत असायला हवी. बाबांची नाट्यगीतं ज्या काळात चित्रित झाली, ती कुठल्याही टीव्हीवर तेवढीच दिसणार.

आपल्याला काय मिळतंय ते तपासायला यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाची सोय आहे. ती चालू केली की चालू व्हिडिओचे ठिपके आकड्यांत दिसतात. ३८४० दिसलं तर ४के.

३. खोक्यावरचे शब्द वाचायला शिका

‘फोरके हाय, डोळं झाकून घ्या,’ असं दुकानात ऐकू येईल. डोळे उघडे ठेवा. खोक्यावर किंवा मागच्या पट्टीवर ‘रिझोल्यूशन ३८४० × २१६०’ असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. ‘४के सपोर्ट’, ‘४के डिकोडिंग’ असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा. त्याचा अर्थ ते यंत्र ४केची फाइल घेतं आणि आपल्या कमी ठिपक्यांत दाखवतं. स्वस्त प्रोजेक्टरवर ही फसगत सर्रास होते.

‘एचडीआर’ हा दुसरा शब्द. उजेड-सावलीचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र म्हणजे एचडीआर. पण स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतात, दाखवायला लागणारा उजेड त्यांच्याकडे नसतो. उजेड ‘निट्स’मध्ये मोजतात. २५०-३०० निट्सच्या टीव्हीवर एचडीआर लावलं की उलट चित्र अंधारं वाटतं. त्या टीव्हीवर साधं चित्रच बघा.

‘१२० हर्ट्झ’ (सेकंदाला १२० चौकटी, म्हणजे १२० चित्रं) वाचलात तर तो पॅनलचा आकडा आहे की चिपने मधल्या चौकटी तयार करून काढलेला, हे विचारा.

साध्या एलईडी टीव्हींत पॅनल मुख्यतः दोन प्रकारची भेटतात. व्हीए पॅनलमध्ये काळा गडद, पण बाजूने बघितलं की रंग उतरतात. आयपीएसमध्ये बाजूनेही रंग टिकतात, काळा मात्र करडा दिसतो. आपल्या घरी दोन सोफे काटकोनात असतील आणि पाहुण्यांचा राबता असेल तर आयपीएस बघा. समोरासमोर दोघंच बसत असतील आणि रात्री दिवे मालवून बघत असाल तर व्हीए.

दुकानदार हमखास म्हणतो, थोडे पैसे वाढवा आणि ६५ इंची न्या. हा फरक एवढा कमी का झाला, ते कळलं की मोह आवरतो. २००१ साली आयबीएमने २२ इंची मॉनिटर काढला होता, ३८४० गुणिले २४०० ठिपक्यांचा. तो प्रयोगशाळा आणि तसल्या खास कामांसाठीच परवडणारा होता. २०१२ मध्ये सोनीचा ८४ इंची ४के टीव्ही अमेरिकेत २५ हजार डॉलरला आला. पुढच्याच वर्षी तिथे अनोळखी छापाचे ३९ इंची ४के टीव्ही काही शे डॉलरला मिळू लागले आणि प्रोग्रामर मंडळी तेच मॉनिटर म्हणून टेबलावर मांडू लागली. मग चीनमध्ये अवाढव्य काचेचे कारखाने उभे राहिले. २०१७च्या अखेरीस हेफै इथे सुरू झालेल्या कारखान्यातली एक काच जवळजवळ तीन मीटर रुंद आणि तीन मीटरहून जास्त लांब, आणि एका काचेतून ६५ इंचाचे आठ पडदे फारसं काही वाया न जाता कापले जातात. कापडाचा पन्हा मोठा मिळाला की चोळखण स्वस्त पडतो, तसंच हे. म्हणजे ६५ इंची स्वस्त आहे ते काचेच्या मापामुळे. तुमच्या खोलीला तो लागतोच असं नाही. टेपने साडेआठ फूट सांगितले असतील तर जरूर घ्या.

८केचं सांगायचं तर जपानच्या एनएचकेने डिसेंबर २०१८ मध्ये ८के वाहिनी सुरू केली, पण आपल्या घरात ८के चित्र यायची सोय जवळजवळ नाही. नका घेऊ.

४. मराठी काम टेबलावर करत असाल तर हा भाग सावकाश वाचा

मी लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, सोसायट्यांची इतिवृत्तं, अधूनमधून एखादं पुस्तक अशी कामं करतो. पंधरा वर्षं २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर काढली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक पडद्यावर निसटायचा आणि छापून आल्यावर दिसायचा. एका वास्तुशांतीच्या पत्रिकेत अनुस्वार गेला आणि दीडशे प्रती पुन्हा छापाव्या लागल्या. मी ते माझ्या डोळ्यांवर घेतलं, चष्म्याचा नंबर तपासून आलो. नंबर तोच होता.

कारण आता सांगतो. मघाचाच हिशोब टेबलाला लावा. २४ इंची फुल एचडीला २४ भागिले ८, म्हणजे ३ फूट. आपण मॉनिटरसमोर दोन फुटांवर बसतो, म्हणजे ठिपके दिसण्याच्या हद्दीत. ४केसाठी ही हद्द निम्मी होते: २७ इंची ४के मॉनिटरचे ठिपके पावणेदोन फुटांच्या आत आलात तरच सुटे दिसतात. दोन फुटांवरून अक्षर छापल्यासारखं उमटतं. टीव्हीच्या बाबतीत अंतर आपल्या विरोधात जातं, मॉनिटरच्या बाबतीत बाजूने येतं.

आणि देवनागरीला ठिपके जास्त लागतात. ११ पॉइंटचं अक्षर जुन्या मॉनिटरवर जेमतेम १५ ठिपक्यांच्या उंचीत बसतं. त्या पंधरांत वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मग शिरोरेघ, मग अक्षराचं अंग, त्यात ‘ष्ट्र’ असेल तर एकाखाली एक तीन मजले, आणि तळाला उकार. रोमन अक्षराला एवढे मजले नसतात, म्हणून इंग्रजीत काम करणाऱ्याला जुना मॉनिटर चालून जातो. २७ इंची ४केवर, अक्षर तेवढंच मोठं ठेवून, तीच उंची सुमारे २६ ठिपक्यांची होते. ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘वाङ्मय’ हे शब्द झूम न करता वाचता येतात. सातबारा, मतदार यादी, न्यायालयाचे निकाल अशा बारीक मराठी पीडीएफ रोज वाचणाऱ्या वकील, तलाठी, शिक्षक मंडळींनीही याचा विचार करावा.

आकार कोणता? २७ इंच मला सगळ्यांत योग्य वाटतो, इंचाला १६३ ठिपके. ३२ इंचीत १३८, तेही चांगले, पण टेबल खोल हवं. ४३ इंची ४के टीव्ही मॉनिटर म्हणून वापरायचा मोह होतो, कारण किंमत जवळपास तेवढीच. त्यात इंचाला १०२च ठिपके पडतात, म्हणजे २४ इंची फुल एचडीच्या ९२ पेक्षा किंचित जास्त. जागा चौपट मिळते, अक्षर सुबक होत नाही. मोठे एक्सेल तक्ते मांडणाऱ्या कर सल्लागाराला ते उपयोगी, माझ्यासारख्याला नाही. शिवाय काही टीव्हींच्या पॅनलमध्ये लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा क्रम उलटा असतो किंवा मध्ये पांढरा ठिपका घुसवलेला असतो, त्याने काळ्या अक्षरांना रंगीत किनार येते. टीव्हीच घ्यायचा ठरला तर आपला लॅपटॉप जोडून मराठी पान उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

एक अडचण तुम्हाला येणार, आधीच सांगून ठेवतो. मॉनिटर जोडल्यावर सगळं मुंगीएवढं दिसतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ १५० टक्के करा. ठिपके कमी करू नका, ‘रिझोल्यूशन’ ३८४० × २१६० वरच राहू द्या. अनेक जण घाबरून तेच कमी करतात आणि ४केचे पैसे देऊन फुल एचडी बघत बसतात. नव्या प्रोग्रामना एवढं पुरतं. पण आपल्या डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर हा पानं मांडायचा जुना प्रोग्राम अजून चालतो, आणि त्याला हे मोजमाप कळत नाही. बटणं एकतर इवलीशी होतात किंवा सगळं पान धुरकट. उपाय: प्रोग्रामच्या चिन्हावर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कम्पॅटिबिलिटी’, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, आणि तिथे ‘सिस्टीम’ किंवा ‘सिस्टीम एन्हान्स्ड’ निवडून बघा. थोडं धुरकट राहतंच. माझी जुनी कामं मी अजून जुन्या मॉनिटरवरच करतो, तो शेजारी ठेवला आहे. नवी कामं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या मराठी अक्षरांत, नव्या प्रोग्रामवर घेतली.

५. संगणकाला झेपतं का, आणि वायर कोणती

एचडीएमआयचं जुनं १.४ माप ४के दाखवतं, पण सेकंदाला ३० चौकटींनीच. माउस हलवला की बाण मागून येतो, दिवसभर काम केलं की डोकं दुखतं. ६० चौकटींसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आधीच्या बऱ्याच संगणकांत एचडीएमआय १.४च असतं. अशा संगणकाला डिस्प्लेपोर्ट असेल तर ते वापरा, काम होतं. लॅपटॉपला टाइप-सीची खाच असेल आणि तिच्यातून चित्र येत असेल तर कन्व्हर्टर घेताना ‘४के ६० हर्ट्झ’ लिहिलेलाच मागा. नुसतं ‘४के’ लिहिलेला स्वस्तातला बहुधा ३०चा असतो. मी तो एकदा आणला आणि परत करायला गेलो तर पाकीट फोडलं म्हणून घेतला नाही.

वायरीवर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेलं असलं की ४के ६०ला पुरते. सोन्याचा मुलामा वगैरे सांगून महाग वायर देतील, ती लागत नाही.

६. दुकानात जाताना बरोबर काय न्यायचं

- सोफ्यापासूनचं अंतर आणि भिंतीची किंवा टेबलाची रुंदी लिहिलेला कागद
- लॅपटॉप आणि स्वतःची एचडीएमआय वायर
- लॅपटॉपमध्ये बारीक अक्षरांचं एक मराठी पान, आणि एक जुना, कमी दर्जाचा मालिकेचा व्हिडिओ
- हप्त्याने घेणार असाल तर आधार, पॅन, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, आणि बँकेत नोंदलेला मोबाइल, कारण मंजुरीचा ओटीपी त्यावरच येतो
- व्यवसायाच्या नावाने बिल हवं असेल तर जीएसटी क्रमांक

पेन ड्राइव्हवर फोटो नेऊन टीव्हीत लावायचा सल्ला बरेच जण देतात. तो पुरा खरा नाही. अनेक स्मार्ट टीव्हींचा पडद्यावरचा मेन्यू आणि फोटो फुल एचडीतच आखले जातात, व्हिडिओ तेवढा ४केत येतो. म्हणून लॅपटॉप न्या.

दुकानातला नमुन्याचा व्हिडिओ टीव्ही विकायलाच तयार केलेला असतो, आणि टीव्हीही सगळ्यांत भडक मोडवर ठेवलेला असतो. विनंती करून मोड ‘सिनेमा’वर टाकायला लावा आणि तुमचा तो जुना मालिकेचा व्हिडिओ लावा. घरी रोज तेच दिसणार आहे. मारुती रोडवरच्या आणि विश्रामबागेतल्या दुकानांत गर्दी नसेल तर अर्धा तास शांतपणे बघू देतात. मंगळवार-बुधवारी दुपारी जा. पाडव्याच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी फक्त बिल फाडायला वेळ असतो. बघून आधी ठरवा, मुहूर्तावर घरी आणा.

७. पैशांचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्ही आणि मॉनिटरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही २०१९ पासूनच १८ टक्क्यांवर होते. मूळ किंमत २५ हजार धरली तर पूर्वी ३२ हजार द्यावे लागत, आता साडेएकोणतीस. बिलावर करदर वाचा आणि गोदामातल्या जुन्या खोक्यावरची एमआरपी दाखवून ‘सूट’ सांगत असतील तर ती धरू नका.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे फुकट कर्ज नव्हे. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं आहे. व्याज कुठेतरी किमतीत किंवा सोडून दिलेल्या सवलतीत लपलेलं असतं. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर किती? रोखीची किंमत आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज यांतला फरक म्हणजे तुमचं व्याज. त्यात प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्ड असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मिळवा. एवढं करून हप्ता सोयीचा वाटला तर घ्या, त्यात कमीपणा नाही.

वाढीव वॉरंटी विकतील. त्यात फुटलेलं पॅनल धरलं आहे का, हे लेखी बघा. साध्या वॉरंटीत फुटलेली काच कुणी बदलून देत नाही, आणि पॅनलचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

८. घरी आल्यावर पहिल्या दिवशी

टीव्ही उभाच आणा. स्वस्त मिळतो म्हणून कोल्हापुरातून आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकून आणलेला टीव्ही माझ्या मावसभावाच्या घरी खोलला तेव्हा काचेवर कोपऱ्यातून तड्यांचं जाळं पसरलं होतं. खोकं पोचवणाऱ्या माणसासमोरच फोडा आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून मेलेले ठिपके आणि कडांतून झिरपणारा उजेड बघा.

मग सेटिंग. मोड ‘सिनेमा’, ‘शार्पनेस’ शून्याजवळ, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. लॅपटॉप किंवा नवा डबा लावला असेल तर त्या एचडीएमआय खाचेसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘यूएचडी’ असा पर्याय चालू करावा लागतो. बऱ्याच टीव्हींत तो बंद येतो आणि मग ४के ३०वरच अडकतं. संगणक लावला असेल तर त्या इनपुटचं नाव ‘पीसी’ ठेवा, अक्षरं एकदम स्वच्छ होतात.

वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही, बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. पण एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं की प्लग काढा, आणि त्याबरोबर केबलची आणि लॅनचीही वायर काढा. वीज त्या वाटेनेही येते, हे लोक विसरतात.

९. बिल, तक्रार आणि पाणी

बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या, टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचा आकडा तोच आहे का ताडून बघा, आणि दोन्हींचा फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. बिघाड निघाला आणि दुकान-कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही.

सांगलीकरांसाठी शेवटची गोष्ट. खोकं आणि थर्माकोल भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांत भिंतीवरचा टीव्ही भिंतीवरच बुडाला, ते मी शामरावनगरात पाहिलं आहे. लोकांनी धान्य, कागदपत्रं, जनावरं वाचवली, टीव्ही काढायला स्क्रू ड्रायव्हर सापडला नाही. तुम्ही तळमजल्यावर असाल तर भिंतीवर लावताना उचलून काढता येणारा स्टँड मागा आणि त्याचा पाना-स्क्रू ड्रायव्हर टीव्हीच्या मागेच चिकटवून ठेवा. पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पाणी ४० फुटांवर गेल्याचं ऐकलं की दोघांनी मिळून टीव्ही काढा, त्याच खोक्यात उभा बसवा आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवा. त्या दिवशी दुपारी हे वीस मिनिटांचं काम असतं.